शाळेच्या दारात आणून टाकलेले प्रश्न

अमेरिकेतल्या पौगंडावस्थेतल्या मुलांविषयी लिहायचं तर सुरुवात चांगल्या बातमीने करायला हवी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. १९९१ साली तिथे पंधरा ते एकोणीस वयाच्या दर हजार मुलींपैकी जवळपास ६२ जणी आई होत होत्या. २०२३ साली हे प्रमाण तेरापर्यंत खाली आलं. १९९७ मध्ये हायस्कूलमधली ३६ टक्के मुलं सिगारेट ओढत होती, २०२१ मध्ये चार टक्केही नाहीत. दारू पिणाऱ्या मुलांचं प्रमाण तीस वर्षांत निम्म्याहून कमी झालं. २०१०-११ मध्ये शंभरातली ७९ मुलं हायस्कूल वेळेत पूर्ण करत होती, दशकभरानंतर ८७ करू लागली. चित्रपटांनी आपल्या मनात बसवलेला बेफिकीर, बेबंद अमेरिकन टीनएजर आता आकडेवारीत सापडत नाही.

पण त्याच मुलांविषयीचे दुसरे आकडे काळजी वाढवणारे आहेत. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र दर दोन वर्षांनी हायस्कूलच्या मुलांची पाहणी करतं. सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ खिन्न आणि हताश वाटलं का, असा एक प्रश्न तीत असतो. २०११ मध्ये २८ टक्के मुलांनी होकार दिला होता. २०२१ मध्ये तो आकडा ४२ टक्के झाला, आणि मुलींमध्ये ५७ टक्के. २०२३ मध्ये थोडा उतार पडला, तरी निम्म्याहून अधिक मुली हो म्हणतच होत्या. अभ्यासाचंही तसंच. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत बारावीच्या मुलांचे वाचनाचे सरासरी गुण १९९२ पासूनचे सर्वांत कमी आले. गणितात ४५ टक्के मुलं किमान पायरीच्याही खाली राहिली.

मुलं वागायला सुधारली, पण मनाने खचली आणि अभ्यासात मागे पडली. असं का व्हावं? या प्रश्नावर अमेरिकेत गेली चाळीस वर्षं बोट शाळेकडे दाखवलं जातं, आणि उपायही शाळेकडूनच मागितला जातो. माझं मत वेगळं आहे. पैसा कुठून येणार, घर कुठे परवडणार, बंदूक कुणाच्या हाती पडणार, बस किती वाजता सुटणार, हे सगळे निर्णय मोठी माणसं शाळेबाहेर घेतात. त्यांचे परिणाम मात्र सकाळी पहिल्या तासाला वर्गात येऊन बसतात. ते निस्तरायला लागणारी माणसं शाळेला कधीच पुरेशी दिली गेली नाहीत.

पैशापासून सुरुवात करू, कारण बाकीचं बरंच काही त्याच्याशी बांधलेलं आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. शाळा चालवतात ती राज्यं आणि त्यांच्याखालची तेरा हजारांच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट्स. बहुतेक डिस्ट्रिक्ट्सचं स्वतःचं निवडून आलेलं मंडळ, स्वतःचा सुपरिंटेंडंट, स्वतःचा अर्थसंकल्प. केंद्र सरकारचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेल्यातला मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. म्हणजे ज्या वस्तीतली घरं महाग, तिथल्या शाळेत पैसा जास्त.

या व्यवस्थेला पहिलं मोठं आव्हान शाळकरी मुलांनीच दिलं होतं, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नाही. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराच्या पश्चिमेला एजवूड नावाचं डिस्ट्रिक्ट आहे. वस्ती बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कामगारांची. १६ मे १९६८ रोजी एजवूड हायस्कूलची सुमारे चारशे मुलं वर्ग सोडून बाहेर पडली आणि सुपरिंटेंडंटच्या कार्यालयावर चालत गेली. इमारत मोडकळीला आलेली, साहित्य अपुरं, पात्रताधारक शिक्षक कमी, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यानंतर दोनच महिन्यांत डेमेट्रिओ रॉड्रिगेझ या पालकाने इतर काही पालकांसह दावा लावला. हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारा हा माणूस. दाव्यात पुढे आलेली आकडेवारी आजही वाचण्यासारखी आहे. एजवूडचे लोक शंभर डॉलर किमतीमागे १.०५ डॉलर कर भरत होते, संपूर्ण महानगरातला सर्वांत चढा दर. शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्सचा दर ८५ सेंट. पण घरांच्या किमतीच इतक्या वेगळ्या, की जास्त कर भरूनही एजवूडला दर मुलामागे स्थानिक करातून २६ डॉलर मिळत आणि अलामो हाइट्सला ३३३. राज्याची आणि केंद्राची मदत धरूनही एकीकडे ३५६ डॉलर, दुसरीकडे ५९४.

खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी रॉड्रिगेझ हरले. शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेखालचा मूलभूत हक्क नाही आणि ही तफावत घटनाबाह्य नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार, असा निकाल दिला की शहरातला वांशिक भेद मिटवण्यासाठी आसपासच्या उपनगरांतल्या डिस्ट्रिक्ट्सना सामील करून घेता येणार नाही, त्यांचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्याशिवाय. दोन्ही निकालांत थर्गूड मार्शल विरोधी मत नोंदवत होते. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा खटला लढवून जिंकलेले वकील तेच. १९५४ ने जे दार उघडलं, ते १९७३-७४ च्या दोन निकालांनी बरंचसं लोटून घेतलं, असं मला वाटतं. डिस्ट्रिक्टची सीमारेषा त्यानंतर जवळजवळ भिंतच झाली. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं रेषेच्या एका बाजूला, गोरी मध्यमवर्गीय मुलं दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडे सगळं कायदेशीर.

लढा मग राज्यांच्या न्यायालयांत गेला आणि काही ठिकाणी यशस्वी झाला. न्यू जर्सीतल्या ॲबट खटल्याने १९८५ पासून पुढची अनेक वर्षं राज्य सरकारला गरीब शहरांतल्या शाळांवर खर्च करायला लावलं, तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी उत्तम बालवाड्याही उभ्या करून घेतल्या. केंटकीत १९८९ मध्ये न्यायालयाने राज्याची सगळी शालेय व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली आणि ती नव्याने बांधावी लागली. तरी आज अमेरिकेत घर घेणारं कुठलंही कुटुंब घराच्या जाहिरातीत आधी शाळेचा दहापैकी गुणांक बघतं. आपली मराठी कुटुंबंही याला अपवाद नाहीत. एडिसन, प्लेन्सबरो, फ्रीमाँट, क्युपर्टिनो अशा ठिकाणी घर शोधताना चर्चा स्वयंपाकघराआधी शाळेची होते. यात त्यांची चूक काढता येणार नाही. मुलासाठी जे चांगलं ते ते करतात. पण चांगल्या शाळेची किंमत घराच्या हप्त्यात मोजली जाते तेव्हा ज्याला हप्ता परवडत नाही त्याचं मूल कुठे जातं, हा प्रश्न तसाच राहतो.

पैशाची असमानता हलवणं कठीण होतं, म्हणून राजकारण्यांनी सोपी वाट धरली: परीक्षा. १९८३ मध्ये रेगन सरकारच्या एका समितीने देश धोक्यात आहे असा इशारा दिला. तेव्हापासून ‘जबाबदारी निश्चित करणं’ हा दोन्ही पक्षांचा आवडता मंत्र झाला. जानेवारी २००२ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवी दरवर्षी, हायस्कूलमध्ये एकदा, वाचन आणि गणिताची चाचणी. २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं प्रवीण झाली पाहिजेत. मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाई. कायद्याचं एक मोल मान्य करायला हवं: गरीब, कृष्णवर्णीय, अपंग, इंग्रजी नवीन शिकणाऱ्या मुलांचे गुण वेगळे मांडणं त्याने सक्तीचं केलं. सरासरीच्या आड कोण लपलं आहे ते पहिल्यांदा दिसलं. पण दिसल्यावर मदत येण्याऐवजी शिक्षा आली.

या धाकाचं टोक अटलांटात दिसलं. गुण झपाट्याने वाढल्याबद्दल त्या शहराच्या सुपरिंटेंडंटला राष्ट्रीय सन्मान मिळाला होता. २०११ मध्ये राज्याच्या तपासात निघालं की ४४ शाळांत १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी उत्तरपत्रिकांमध्ये फेरफार केले होते. चुकीची उत्तरं खोडून बरोबर लिहिली गेली होती. २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले. त्या शिक्षकांचं मी समर्थन करत नाही. ज्या मुलाला वाचता येत नव्हतं, त्याला येतं असं कागदावर लिहिलं गेलं आणि त्याला मिळायची मदत त्यामुळेच थांबली. पण नोकरी टिकवायची तर आकडा वाढलाच पाहिजे, हा दबाव वरूनच आलेला होता.

२०१५ मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा बदलला आणि सूत्रं बरीचशी राज्यांकडे गेली. परीक्षा राहिल्या, धाक कमी झाला. गुणांची घसरण साधारण त्याच सुमारास सुरू झाली होती, कोविडच्या कितीतरी आधी. त्यातही तळाची मुलं सर्वांत वेगाने खाली गेली, वरची मुलं फारशी हलली नाहीत. मग २०२० चा मार्च उजाडला. काही राज्यांत शाळा सप्टेंबरात उघडल्या, काही मोठ्या शहरांत वर्षभर मुलं पडद्यासमोर बसली. केंद्राने तीन टप्प्यांत शाळांना जवळपास १९० अब्ज डॉलर दिले. उन्हाळी वर्ग, शिकवण्या, समुपदेशक अशा कामांवर त्यातला बराच पैसा गेला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची मुदत संपली.

कोविडनंतर राहिलेली सर्वांत चिवट अडचण म्हणजे रिकामे बाक. वर्षातल्या शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा त्याहून जास्त, म्हणजे साधारण अठरा दिवस, गैरहजर राहणारी मुलं कोविडपूर्वी १५ टक्के होती. २०२१-२२ मध्ये ती २८ टक्के झाली. नंतर प्रमाण हळूहळू उतरलं, पण जुन्या पातळीला आलं नाही. कारणं घरोघर निराळी. कुणी भावंडं सांभाळतं, कुणी कामावर जातं, कुणाला सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही. अनेक घरांत शाळा रोज गाठलीच पाहिजे, हा करारच सैल झाला. त्यात २०२५ च्या सुरुवातीला शाळांच्या आवारात स्थलांतरितांवर कारवाई न करण्याचं जुनं धोरण केंद्राने रद्द केलं. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत प्रवेश द्यावाच लागतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल आहे आणि तो अजून लागू आहे. पण आईवडील घराबाहेर पडायलाच घाबरले तर हक्क कागदावर राहतो. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत त्या महिन्यांत गैरहजेरी ठळकपणे वाढल्याचं स्टॅनफर्डच्या अभ्यासात दिसलं.

आणि इथे सुरुवातीचं कोडं पुन्हा समोर येतं. चाचणीत गुण कमी, हजेरी कमी, पण उत्तीर्ण होणारे जास्त. काही राज्यांनी शेवटची सक्तीची परीक्षाच काढून टाकली. अनेक हायस्कूलांत नापास विषय संगणकावर घाईघाईने ‘भरून’ घेण्याची सोय झाली. मूल अडकू नये ही भावना मला कळते. पण प्रमाणपत्र हाती आलं आणि वाचता नीट येत नाही, अशा अठरा वर्षांच्या मुलाला पुढे कम्युनिटी कॉलेजात पैसे भरून तेच शिकावं लागतं.

शाळा काहीच करू शकत नाही, असं मात्र कुणी समजू नये. मिसिसिपी हे देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. २०१३ मध्ये तिथे वाचनाचा कायदा झाला. अक्षर-ध्वनीच्या पद्धतीने शिकवायचं, त्यासाठी शिक्षकांना पुन्हा प्रशिक्षण, मागे पडलेल्या शाळांत मार्गदर्शक नेमायचे, तिसरीत वाचता आलं नाही तर वर्ग पुन्हा करायचा. त्या वर्षी चौथीच्या वाचनात हे राज्य देशात एकोणपन्नासावं होतं, २०२४ मध्ये नववं आलं. आठवीच्या निकालात मात्र अशी झेप दिसलेली नाही. लहान मुलाला वाचायला कसं शिकवायचं हे आता ठाऊक आहे, तेरा वर्षांच्या मुलाला वाचत कसं ठेवायचं याचं उत्तर अजून कुठल्याच राज्याकडे नाही.

तेराव्या वर्षी नेमकं काय होतं? शरीरात एक बदल होतो आणि हातात एक फोन येतो. फोनविषयी बरंच लिहून आलं आहे. सामाजिक मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनी २०२४ च्या पुस्तकात मुलांच्या खिन्नतेचा दोष मुख्यतः स्मार्टफोन आणि समाजमाध्यमांना दिला. मानसशास्त्रज्ञ कँडिस ऑजर्स यांच्यासारख्यांचा आक्षेप असा, की दोन गोष्टी एकाच काळात वाढल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, आणि आधीच दुःखी असलेलं मूल फोनमध्ये जास्त शिरतं हेही खरं असू शकतं. तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती, मूळचे कर्नाटकातल्या कुटुंबातले, यांनी २०२१ मध्ये मुलांच्या मानसिक आरोग्यावर आणि २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर असे दोन जाहीर इशारे दिले. दुसऱ्यात त्यांनीही पुरावा अजून अपुरा असल्याचं नोंदवलंच होतं. राज्यांनी मात्र वाट पाहिली नाही. २०२३ मध्ये फ्लोरिडाने वर्गात फोनबंदीचा कायदा केला. दोन वर्षांत निम्म्याहून जास्त राज्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात तो आला, आणि न्यूयॉर्कने तर पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन बंद केले. वर्गात लक्ष लागावं एवढ्यासाठी ही बंदी योग्यच आहे. मुलांची खिन्नता तिने जाईल, ही आशा मला भाबडी वाटते. संध्याकाळी घरी तोच फोन, तीच कंपनी, तेच अल्गोरिदम.

शरीरातल्या बदलाकडे तुलनेने कमी लक्ष गेलं, आणि तिथे विज्ञान कितीतरी स्पष्ट आहे. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. दहाला झोप असं सांगून झोप येत नाही. हायस्कूल सव्वासात-साडेसातला भरत असेल तर मूल सहाच्या आधी उठतं आणि पहिले दोन तास पेंगतं. २०१४ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असं सांगितलं. मिनेसोटातल्या इडायना शहराने त्याही आधी, नव्वदच्या दशकात, ७.२० ची शाळा ८.३० ला नेली होती. सिएटलने २०१६ मध्ये वेळ पाऊण तासाहून अधिक पुढे ढकलली, तेव्हा मुलं रोज सरासरी ३४ मिनिटं जास्त झोपू लागली.

मग सगळीकडे हे का होत नाही? कारण पिवळी बस. एकच बस, एकच चालक आधी हायस्कूलची मुलं सोडतो, मग मिडल स्कूलची, मग लहानांची. हायस्कूल उशिरा नेलं तर लहान मुलं अंधारात थांब्यावर उभी राहतात किंवा डिस्ट्रिक्टला आणखी बस घ्याव्या लागतात. दुपारी उशीर झाला तर खेळांचे सामने, मुलांच्या अर्धवेळ नोकऱ्या, आईवडिलांच्या पाळ्या, सगळं विस्कटतं. बॉस्टनने २०१७ मध्ये एमआयटीच्या संशोधकांकडून नवं वेळापत्रक काढून घेतलं आणि पालकांचा संताप पाहून काही दिवसांतच मागे घेतलं. कॅलिफोर्नियाने कायदा करून २०२२ पासून हायस्कूल साडेआठनंतर भरवायला लावलं. फ्लोरिडाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला आणि अंमल सुरू होण्याआधीच २०२५ मध्ये रद्द केला. मुलांच्या झोपेवर एवढा पुरावा असताना बसच्या फेऱ्या जिंकतात, हे मला या सगळ्या आढाव्यात सर्वांत जास्त खटकलं. यात कुणी दुष्ट नाही. मुलांच्या बाजूने हिशेब मांडणारं तिथे कुणी नसतं, एवढंच.

झोप, स्पर्धा आणि स्थलांतरित पालक यांची गाठ कशी पडते ते न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टमध्ये पाहायला मिळालं. प्रिन्स्टनजवळची ही दोन गावं. २०१५ च्या सुमाराला तिथले सुमारे ६५ टक्के विद्यार्थी आशियाई वंशाचे होते, त्यात भारतीय आणि चिनी कुटुंबं मोठ्या संख्येने. निकाल उत्कृष्ट, गणित ऑलिंपियाडपर्यंत मजल. त्या ऑक्टोबरात सुपरिंटेंडंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. आदल्या वर्षी मिडल आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं आणि चाळीस जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं होतं, असं त्यात होतं. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठ नसेल असं जाहीर केलं, चौथीपासून निवडक मुलांसाठी असलेले पुढचे गणिताचे वर्ग सहावीवर नेले.

पालकसभा दुभंगल्या. गोरे पालक बहुतांशी बदलांच्या बाजूने होते, आशियाई स्थलांतरित पालक बहुतांशी विरोधात. नवागतांचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. या देशात ना काका-मामाची ओळख, ना वडिलोपार्जित घर. जे मिळालं ते परीक्षेतल्या गुणांनी. तोच जिना आपल्या मुलांपुढून काढून घेतला जातोय, असं त्यांना वाटलं. सांगलीहून किंवा नागपूरहून निघून इंजिनिअरिंगच्या प्रवेशयादीच्या जोरावर एडिसनला पोचलेल्या बापाला गुण गौण आहेत हे पटणं अवघड. पण ज्या पिढीने ती शर्यत जिंकली, तिच्या मुलांसाठी तीच शर्यत दुप्पट लांब झाली आहे. नामांकित विद्यापीठांपैकी काहींमध्ये शंभर अर्जदारांतले पाचही आत जात नाहीत. केवळ गुण पुरत नाहीत, व्हायोलिन हवं, संशोधन हवं, समाजसेवा हवी. अशा घरातली मुलगी पहाटे दोनला झोपते आणि सहाला उठते. तिला आळस नाही, व्यसन नाही, वाईट संगत नाही. ती सुरुवातीच्या सगळ्या चांगल्या आकड्यांत आहे, आणि वाईट आकड्यांतही. आपल्या महाराष्ट्र मंडळांमध्ये, रविवारच्या मराठी शाळांमध्ये भाषेची आणि गणपतीची तयारी मनापासून होते. या मुलांच्या झोपेविषयी आणि मनाविषयीही तिथे मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे, कारण बऱ्याच मुलांना शाळेत जे सांगता येत नाही ते घरी त्याहून सांगता येत नाही.

शाळेत तरी सांगायचं कुणाला? समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मते २५० मुलांमागे एक समुपदेशक असावा. २०२३-२४ मध्ये प्रत्यक्षात ३७६ मुलांमागे एक होता, काही राज्यांत याहूनही कितीतरी जास्त मुलांमागे. शिवाय विषय निवडून देणं, वेळापत्रकं लावणं, कॉलेजचे अर्ज आणि शिफारसपत्रं, परीक्षांची व्यवस्था, हे सगळं त्याच व्यक्तीकडे. मनातलं बोलायला आलेल्या मुलाला दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. पोलीस मात्र मिळाले. १९९९ च्या कोलंबाइन हायस्कूलमधल्या गोळीबारानंतर शाळांत पोलीस नेमण्यासाठी केंद्राचा निधी वाहू लागला. नागरी हक्कांच्या एका मोठ्या संघटनेने २०१९ मध्ये सरकारी आकड्यांवरून दाखवून दिलं की सुमारे १ कोटी ४० लाख मुलं अशा शाळांत शिकतात जिथे पोलीस आहे, पण समुपदेशक, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता यांपैकी एकही जण नाही. हॉलमधली ढकलाढकली, उलट बोलणं, जी प्रकरणं पूर्वी मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटत, ती काही ठिकाणी बेड्यांपर्यंत जाऊ लागली. निलंबनाचा भारही सारखा पडत नाही: २०१७-१८ मध्ये विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुलं १५ टक्के होती आणि शाळेबाहेर काढलेल्यांत ३८ टक्के.

बंदुकीविषयी लिहिताना एक गैरसमज दूर करावा लागतो. २०२० पासून अमेरिकेत एक ते एकोणीस वयोगटातल्या मृत्यूंचं पहिलं कारण बंदूक आहे, मोटार अपघातांच्याही वर. पण त्यातले बहुतेक मृत्यू शाळेत होत नाहीत, रस्त्यावर आणि घरात होतात. शाळा अजूनही मुलांसाठी तुलनेने सुरक्षित जागा आहे. तरीही शाळेतल्या गोळीबारांत गेलेली सँडी हूकची वीस लहान मुलं, पार्कलंडचे सतरा जण, युव्हाल्डीची एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका, ही नावं ऐकत वाढलेल्या पिढीला आकड्यांचा दिलासा पुरत नाही. जवळजवळ प्रत्येक सरकारी शाळेत लॉकडाउनचा सराव होतो. दिवे बंद, दार आतून लावलेलं, मुलं भिंतीला टेकून गप्प. बालवाडीपासून बारावीपर्यंत हा सराव दरवर्षी करणाऱ्या मुलाच्या मनात जगाची काय प्रतिमा तयार होत असेल? युव्हाल्डीत २४ मे २०२२ रोजी विविध दलांचे ३७६ सशस्त्र जवान जमा झाले होते आणि हल्लेखोराला रोखायला ७७ मिनिटं लागली. मुलांनी सराव चोख केला होता.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलच्या घटनेने या चर्चेत एक नवी गोष्ट आणली. ३० नोव्हेंबर २०२१ च्या सकाळी पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या कागदावर शिक्षिकेला बंदुकीचं चित्र आणि मदतीची याचना दिसली. शाळेने आईवडिलांना बोलावलं. त्याला घरी न्या, लवकर उपचार मिळवून द्या, असं समुपदेशकाने सुचवलं. पालकांनी नेलं नाही, दप्तर कुणी तपासलं नाही, मूल वर्गात परत गेलं. बंदूक वडिलांनी चार दिवसांपूर्वी विकत घेतली होती. त्या दुपारी त्याने केलेल्या गोळीबारात चार विद्यार्थी गेले. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही मनुष्यवधासाठी दोषी धरून दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शालेय गोळीबारासाठी अशी शिक्षा झालेले ते पहिले पालक. शाळेच्याही चुका होत्या. पण घरात आलेल्या बंदुकीचा जाब न्यायालयाने घराला विचारला, आणि तो विचारायला हवाच होता.

अमली पदार्थांतही सुरुवातीच्या कोड्यासारखा उलटा प्रवाह दिसतो. नशा करणारी मुलं कमी झाली, तरी २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत नशेच्या अतिमात्रेने होणारे किशोरांचे मृत्यू दुपटीहून जास्त झाले, कारण ओळखीच्याकडून घेतलेल्या बनावट गोळीत फेंटानिल हे जीवघेणं तीव्र रसायन असतं. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०२२ मध्ये एका विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर नाकात फवारायचं नालोक्सोन हे अतिमात्रेवरचं औषध ठेवायला सुरुवात केली. आता ते अनेक ठिकाणी प्रथमोपचाराच्या पेटीइतकं नेहमीचं झालं आहे.

हे सगळं ज्यांनी सांभाळायचं त्या शिक्षकांचा पगार तेवढंच शिकलेल्या इतर नोकरदारांपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी असतो. वेस्ट व्हर्जिनियात २०१८ मध्ये सर्व ५५ काउंटींतले शिक्षक संपावर गेले तेव्हा ही गोष्ट देशाला कळली. ओक्लाहोमा, ॲरिझोना त्यांच्या मागोमाग उतरले. खेड्यापाड्यांतली शेकडो डिस्ट्रिक्ट्स आता आठवड्यातून चारच दिवस शाळा भरवतात, बरेचदा शिक्षक टिकवण्यासाठी. पाचव्या दिवशी मुलांचं जेवण आणि देखरेख कुणी करायची हे ज्याचं त्याने बघायचं. वर पुस्तकांवरून भांडणं. कुठलं पुस्तक ग्रंथालयातून काढायचं, लिंगभावाविषयी काय बोलायचं, वंशभेदाचा इतिहास किती शिकवायचा, यावरून डिस्ट्रिक्ट्सच्या मंडळांच्या सभा रात्री उशिरापर्यंत तापतात. त्या सभांमध्ये हजेरीचा, झोपेचा, समुपदेशकांचा विषय क्वचितच अजेंड्याच्या वरच्या अर्ध्यात असतो.

आणि आता केंद्रानेही हात काढून घ्यायला सुरुवात केली आहे. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शिक्षण खातं बंद करण्याच्या दिशेने आदेश काढला. खात्यातली जवळपास निम्मी माणसं कमी करण्यात आली आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती कपात पुढे जाऊ दिली. खातं पूर्ण बंद करायचं तर संसदेचा कायदा लागेल. पण गरीब शाळांचा निधी, अपंग मुलांचे हक्क आणि भेदभावाच्या तक्रारी सांभाळणारं खातं माणसांवाचून चालत नाही.

युव्हाल्डीच्या गोळीबारानंतर महिन्याभरात संसदेने दोन्ही पक्षांच्या मतांनी एक कायदा केला होता. शाळांत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते तयार करून नेमण्यासाठी त्यात एक अब्ज डॉलर होते. या वेळी मोठ्यांनी शाळेला नवं कर्तव्य सोपवण्याऐवजी ते पार पाडणारी माणसं देऊ केली होती. ज्या ग्रामीण डिस्ट्रिक्ट्समध्ये कधी मानसशास्त्रज्ञ नव्हता तिथे नेमणुका झाल्या, विद्यापीठांनी प्रशिक्षणाचे वर्ग काढले. एप्रिल २०२५ मध्ये शिक्षण खात्याने, आपल्या धोरणाशी विसंगत असल्याचं कारण देऊन, ही बहुवार्षिक अनुदानं पुढे चालू राहणार नाहीत असं कळवलं. त्याविरुद्ध सोळा राज्यं न्यायालयात गेली. त्या नेमणुका टिकवाव्यात म्हणून राज्यांना स्वतःच्या केंद्र सरकारशी भांडावं लागलं.